बंद घराचं ऊन पाणी

१

इमारतीत त्यांना सगळे टपटपकाका म्हणायचे, आणि ते नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. नळ कुणाच्याही घरचा गळो, दुखायचं यांच्या पोटात. चहाला बोलावलं तर कपाला हात लावायच्या आधी उठून मोरीतला नळ पिळून यायचे. एकदा चेअरमन आजारी म्हणून बघायला गेले, ते तब्येतीचं विचारायचं विसरून संडासाची टाकी दुरुस्त करून परतले. चेअरमन अजून सांगतात, "मी मेलो असतो तरी या माणसाने आधी टाकीचं सांत्वन केलं असतं." चेअरमनना पाण्याविषयी एवढंच कळतं की ते ओलं असतं. पण हे मात्र ते खरं बोलले.

पंप, टाक्या, छतावरचं सोलर, तिथून प्रत्येक मजल्यावर उतरणाऱ्या ऊन पाण्याच्या नळ्या हे सगळं टपटपकाकांचं राज्य. राजवाडा म्हणजे तळमजल्यावर पंपाच्या खोलीला चिकटलेल्या दोन खोल्या. भिंतीपलीकडे पंप सुरू झाला की यांच्या कपाटातल्या वाट्या किणकिणायच्या. त्यावरून टाकी किती भरली ते काका सांगायचे, आणि बरोबर सांगायचे.

सूनबाई शिकलेली. लोकांच्या इमारतींत जाऊन वीज कुठे मुरते, पाणी कुठे जातं ते शोधून द्यायचं, हा तिचा धंदा. म्हणजे काम चोंबड्या नणंदेचंच, फक्त यंत्र लावून करायचं. तिने आपल्या हाताने या इमारतीत घरोघरी मीटर बसवले होते, पाण्याचे आणि विजेचेही, आणि त्या सगळ्यांचे आकडे तिच्या हातातल्या एका काचेच्या पाटीवर यायचे. "आमच्या वेळची पाटी थुंकी लावून पुसता यायची," काका म्हणायचे. "ही पुसता येत नाही, म्हणून मला हिची भीती वाटते." ती हसायची. सासरे-सुनेचं चांगलं जमायचं. दोघांनाही वाया गेलेलं बघवत नव्हतं.

वाया गेला तो तिचा नवरा. काकांचा एकुलता एक. थंडीत एक दिवस कामावर गेला, तिथून त्याला हॉस्पिटलात नेलं, आणि परत आले ते त्याचे कपडे आणि घड्याळ. चौथ्या मजल्यावरच्या घराला कुलूप लागलं. सूनबाई दोन पिशव्या घेऊन खाली सासऱ्यांकडे राहायला आली, आणि किल्ली काकांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात गेली.

काकांचा एक नियम सगळ्या इमारतीला पाठ होता. बंद घराचा वॉल्व्ह बंद. लोक दोन दिवस गावाला निघाले तरी बॅग उचलायच्या आत हे जिन्यातल्या डक्टचं, म्हणजे नळ्यांच्या कपाटाचं, दार उघडून त्यांच्या घराचं पाणी तोडायचे. चौथ्या मजल्यावरच्या त्या एका घराचा वॉल्व्ह मात्र त्यांनी बंद केला नव्हता. हात तिथवर जायचा आणि उगाच बाजूची धूळ पुसून परत यायचा.

मग एका सकाळी चहा पिताना सूनबाई पाटीवर बोट फिरवता फिरवता थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "वरच्या घराचं मीटर फिरलंय."

२

"हवा असेल," काका म्हणाले.

हे खोटं नव्हतं. नळीत हवा शिरली की मीटरचा काटा तिलाही पाणी समजून फिरतो. मीटर बिचारं माणसासारखंच, आत काय चाललंय ते त्याला कळत नाही, धक्का बसला की फिरतं.

"हवाच असेल," सूनबाई म्हणाली, आणि पाटी पालथी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरलं. मग तिला वाटलं, दोन मीटरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील. खालचं पाणी वरच्या नावावर पडत असेल. होतं असं. म्हणून तिने खाली नळ सोडला, काका वर डक्टपाशी जाऊन उभे राहिले, आणि दोघं जिन्यातून एकमेकांना ओरडून सांगत बसली. "फिरतंय का?" "नाही!" "आता?" "नाही म्हटलं ना!" मधल्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघायला लागले. चिठ्ठ्या बरोबर होत्या.

राहिली गळती. गळती म्हणजे काकांचा पिढीजात शत्रू, तिला ते अंधारातही ओळखायचे. गळतीला झोप नसते. दिवस असो, दुपार असो, ती आपली एका लयीत जात राहते. सूनबाईच्या पाटीवर गळती दिसते ती आडव्या सरळ रेघेसारखी.

ही रेघ आडवी नव्हती. ही झोपत होती. सकाळी उठत होती. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठत होती.

आणि उठल्यावर आधी बराच वेळ बारीक धार. मग थोडं थांबणं. मग मोठी धार.

काकांनी एकदाच बघितलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांना ही धार ठाऊक होती. ऊन पाणी छतावरून यायला वेळ लागतो. तोवर नळीतलं गार पाणी सोडून द्यावं लागतं. बाकीची माणसं नळ धाडकन पूर्ण सोडतात, शिव्या देतात आणि मोकळी होतात. त्यांचा मुलगा तसं करायचा नाही. तो नळ करंगळीएवढा सोडायचा आणि भिंतीला कपाळ टेकून, अर्धा झोपेत, ऊन पाणी येईपर्यंत तसाच उभा राहायचा. इमारतीत त्याला कासव म्हणत. खाली नळीला हात लावून काका म्हणायचे, "उठलं आमचं कासव."

सूनबाई त्या कासवाशेजारी काही वर्षं राहिली होती. तिलाही रेघ वाचता येत होती.

"वॉल्व्ह बंद करू का?" काकांनी विचारलं.

"नको," ती इतक्या लवकर म्हणाली की दोघंही दचकली. मग सावरून म्हणाली, "म्हणजे, कारण कळल्याशिवाय कशाला? बंद केलं तर कारण कधीच कळणार नाही."

हे बोलणं अगदी शास्त्राचं होतं. काकांनी मान डोलावली.

३

दुपारी सूनबाई कामावर गेल्यावर ते वर गेले.

समोरच्या घरातल्या आजी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. आजींना आजचं काही आठवत नाही आणि फार जुनं काही विसरत नाही. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना माणूस कुठल्या वर्षात आहे ते आधी विचारून घ्यावं लागतं.

"काय रे टपटप, पोराकडे आलास?"

"हो," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"गोड आहेत दोघं. सकाळी काय हसतात रे! मला बरं वाटतं. तुझं घर म्हणजे आधी नुसतं पान्यांचं दुकान होतं."

"कधी हसले, आजी?"

"सकाळीच की," आजी म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. त्यांची सकाळ कुठली होती कोण जाणे. काकांनी स्वतःला तसं समजावलं. समजावलेलं फार वेळ टिकलं नाही, पण कुलूप उघडेपर्यंत पुरलं.

आत बंद घराचा वास होता. खुर्च्यांवर चादरी. खिडकीच्या कठड्यावर धुळीचा सारखा थर, त्यावर एकही बोट उमटलेलं नाही. स्वयंपाकघरात विजेची किटली ओट्यावर, तिच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलेलं. काकांनी जाळ्याला फुंकर मारली. ते हललं, तुटलं नाही. म्हणजे किटली कुणी उचललेली नाही. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची लगेच लाज वाटली.

मोरी कोरडी. कोरडी म्हणजे कशी, तर फरशीच्या सांध्यांत पांढरा खार उमटला होता आणि भोकाच्या जाळीत एक मेलेलं झुरळ उताणं पडलं होतं. इथे कुणी न्हालं असतं तर ते वाहून गेलं असतं. टॉवेल खुंटीवर वाळून पुठ्ठ्यासारखा झाला होता. तो अजून त्याच्या खांद्यांच्या आकारात होता, की काकांना तसा वाटला, ते त्यांनाच सांगता आलं नसतं.

त्यांनी नळाच्या तोंडात बोट घातलं. कोरडं.

मग सवयीने, चाळीसेक वर्षं हाच धंदा केलेल्या माणसाच्या सवयीने, नळाच्या मानेवर तळवा ठेवला.

पितळ ऊन होतं.

पितळ उगाच तापत नाही. आतून ऊन पाणी गेल्याशिवाय, आणि नुकतंच गेल्याशिवाय, ते असं माणसाच्या हातासारखं लागत नाही. काका उपड्या बादलीवर बसले आणि नळ गार होईपर्यंत त्याला धरून राहिले. त्यांनी तो सोडला तेव्हा बाहेर आजी कुणाला तरी सांगत होत्या, "बाप आलाय बरं का आत, हळू बोला." जिन्यात कुणी नव्हतं.

४

ही गोष्ट भुताची असती तर सूनबाई आता भ्याली असती, वाळली असती, किंचाळली असती. तसं काही झालं नाही. ती आनंदात दिसू लागली.

सकाळी मोरीतून बाहेर यायची ती गुणगुणत. केस ओले, गालांवर ऊन पाण्याने येतो तसा रंग. नवरा गेल्यापासून ती घरात पाऊलसुद्धा चोरून टाकत असे. आता कपाटाचं दार धाडकन लावायची, काकांच्या तुटक्या छत्रीला हसायची. काकांना आधी एवढं बरं वाटलं की त्यांनी चेअरमनच्या बायकोला न विचारता नवा नळ बसवून दिला.

मग एकदा तिच्या मागोमाग ते मोरीत तोंड धुवायला गेले. फरशी कोरडी होती. बादली कोरडी. सकाळी त्यांनीच उलटी करून ठेवली होती तशीच उलटी.

"पोरी, न्हालीस ना?"

"हो की. का?"

"नाही, उगाच."

तिच्या केसांतून पाणी ठिबकून पाठीवरचा कपडा भिजला होता.

त्या दिवसापासून काका पाटी बघायला शिकले. आता यात कौतुक करण्यासारखं काही नाही. लहान पोरंही बघतात. खाली त्यांच्या दोन खोल्यांचं पाणी कमी होत चाललं होतं. वर वाढत होतं. सकाळी ती बारीक धार, ते थांबणं, ती मोठी धार, आणि तिच्या पाठोपाठ आता दुसरी मोठी धार. विजेचंही तेच. पाटीवर वरच्या किटलीचा उभा दांडा आधी एका कपाएवढा होता. आता रुंद झाला. दोन कपांना लागतो तेवढा वेळ.

काका खाली चहा करायचे. सूनबाई कप तोंडाला लावायची, गप्पा मारायची, कप ठेवून निघून जायची. त्यावर साय धरलेली असायची. एक घोटही कमी झालेला नसायचा.

केसांतून पाणी गळायचं, आणि ओठ मात्र भेगाळलेले. हातांची कातडी कोरडी पडून सुटायला लागली होती. काकांनी खोबरेल पुढे केलं तर म्हणाली, "अहो बाबा, काय झालंय माझ्या हातांना?" तिने हात उलटसुलट करून बघितले. तिला खरंच दिसत नव्हतं.

"ती दुसऱ्या शहरातली नोकरी," काका म्हणाले. "त्यांना होकार कळवलास ना? जाणार होतीस."

"बघू."

"अगं, बघू काय? तुझ्याच तोंडाने म्हणालीस की इथे श्वास कोंडतो."

"तेव्हा म्हणाले असेन." तिने ओले केस वर बांधले. "आता बरी आहे ना मी, बाबा. मला इथे काही कमी नाही."

आणि ती हे ज्या चेहऱ्याने म्हणाली, तो चेहरा काकांनी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिला नव्हता.

५

काका आयुष्यभर खोड्याळ. पंप बंद करून पाहुण्यांची गंमत बघणं वगैरे त्यांनी तरुणपणी खूप केलं होतं. आता अंगातली ती जुनी विद्या एका भलत्याच कामाला लागली.

एका सकाळी सूनबाई उठायच्या आत त्यांनी आपल्या दोन खोल्यांचं पाणी तोडलं. नळ सोडून खात्री करून घेतली. एक थेंब नाही. मग चहासाठी आधीच भरून ठेवलेलं पातेलं घेऊन ते खुर्चीत बसले आणि तिला मोरीत जाताना पाहिलं. दाराला कडी लागली.

आतून आवाज आला नाही. बादलीचा नाही, पाण्याचा नाही. फक्त भिंतीतून, वरून खाली उतरणाऱ्या मोठ्या नळीतून, पाणी दुसरीकडे निघाल्याचा घरंगळता आवाज. काका उठले आणि लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक नळीवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, की इमारतीच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. गळती ते अशीच शोधायचे.

बारीक धार ऐकू आली. मग थांबणं. मग मोठी धार. आणि त्या धारेत, भांड्याच्या तळाशी घासल्यासारखा, कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगतंय असा बारीक आवाज. शब्द कळत नव्हते. एक आवाज जाड होता. दुसरा हसला.

तो हसण्याचा आवाज नळीतून आला, आणि त्याच क्षणी मोरीच्या दाराआडूनही आला.

काकांनी स्क्रूड्रायव्हर कानापासून काढला नाही. त्यांना जाड आवाज अजून ऐकायचा होता. उगाच लपवून काय करायचं, ऐकत राहावंसं वाटलं. त्यांच्या मनात आलं की ही गेली तर जाऊ दे. सुखाने जातेय. कोण जाणे, मागून आपल्यालाही बोलावतील. या विचाराला एक ऊब होती, पितळासारखी.

कडी निघाली. ती बाहेर आली, वाफाळलेली.

"आज पाणी काय मस्त ऊन होतं, बाबा!"

"कुठे न्हालीस गं?"

"कुठे म्हणजे? इथेच की." तिने मागे बोट दाखवलं. त्यांनी त्या बोटाकडे पाहिलं. त्याच्या भेगेत रक्त नव्हतं. भेग आतपर्यंत कोरडी होती, वाळलेल्या मातीसारखी, आणि तिच्यातून पलीकडची दाराची चौकट दिसल्यासारखी वाटली. क्षणभरच. म्हातारे डोळे.

म्हातारे डोळे, असं त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. पण खालचं मीटर म्हातारं नव्हतं. त्या घरात आता एका माणसाचं पाणी जात होतं, आणि तो माणूस काका होते.

६

वीज तोडणं सोपं गेलं. मीटरच्या खोलीत जाऊन त्यांनी वरच्या घराचा फ्यूज काढला आणि खिशात टाकला. सूनबाई खालच्या मोरीत होती. नळीत बारीक धार सुरू झाली होती. काका हत्यारांची पिशवी घेऊन जिना चढले. गुडघे प्रत्येक पायरीला कुरकुरले. ते काकांच्या अंगातलं एकमेव न दुरुस्त झालेलं यंत्र.

डक्टचं दार उघडलं. मीटरचा काटा फिरत होता. त्यांनी वॉल्व्हवर हात ठेवला, आणि आज धूळ पुसली नाही. पाव फेरा. काटा थांबला. गार पाण्याचाही बंद केला.

एवढ्याने भागलं असतं. पण काका आपल्या हाताला ओळखत होते. एकट्याने बसलेल्या कुठल्या तरी दुपारी तोच हात वर येऊन हळूच पाव फेरा उलटा देईल. म्हणून नळीच मधून सोडवायची, दोन्ही तोंडांना टोपणं घट्ट बसवायची, मधला तुकडा घेऊन जायचं. त्यांनी पान्याने सांधा सोडवला, मीटर काढून पायरीवर ठेवलं. छताकडून येणाऱ्या तोंडाला टोपण बसलं. राहिलं घराकडे जाणारं तोंड.

त्यातून पाणी आलं नाही. येणारही नव्हतं. नळीचं वरचं तोंड अंगठ्याने दाबलं तर आतलं पाणी खाली पडत नाही, हा खेळ सगळ्यांनी लहानपणी खेळलेला असतो. घरातले सगळे नळ बंद असले की आतलं पाणी तसंच लटकून राहतं. ते खाली यायला आत कुणीतरी नळ सोडावा लागतो.

काका दुसऱ्या टोपणावर टेप गुंडाळत होते तेव्हा जिन्यात पावलं वाजली. सूनबाई वर आली. खांद्यावर टॉवेल, केस अर्धे ओले.

"काय करताय, बाबा?"

"गळती काढतोय."

तिने उघड्या नळीकडे पाहिलं, सुट्या मीटरकडे पाहिलं. घाईत असलेल्या माणसाला समजूतदार बायको सांगते तशी म्हणाली, "मग थोडं थांबा ना. त्याच्या डोक्याला साबण आहे."

म्हणून झाल्यावर तिने ते स्वतः ऐकलं. हात तोंडावर गेला.

आणि नळीतून पाणी आलं.

ऊन. काकांच्या मनगटावरून, बाहीत, कोपरापर्यंत. आत कुणीतरी नळ सोडला होता. धार बारीक झाली, तुटली. थोडा वेळ काही नाही. मग नळीने एक घोट घेतल्यासारखा आवाज केला. नळ बंद करून पुन्हा सोडून बघितला होता. माणूस करतो तसं.

मग दुसरा नळ, बेसिनचा. त्याची चकती काकांनीच बसवली होती, ती नेहमी जराशी कुईं करायची. ती कुईं झाली. त्यातून ओंजळभर पाणी आलं. मग काही नाही. मग स्वयंपाकघरातला, आखूड मानेचा, खोकल्यासारखा वाजणारा. तो आत एकेक नळ शोधत मोरीतून बाहेर येत होता. डोळे मिटलेले असणार. भिंतीला हात लावत येत असणार. स्वयंपाकघरानंतर या घरात नळ नाही. स्वयंपाकघरानंतर बाहेरचं दार.

सूनबाई खाली बसली आणि तिने छताकडचं टोपण धरलं. ते उघडायचं होतं तिला, हे दिसत होतं.

काकांनी तिचा हात धरला नाही. "उघड वाटलं तर," ते म्हणाले. "मी अडवणार नाही. माझंच पोर आहे ते. पण पोरी, तू खाली पाण्याचा घोट घेतल्याला किती दिवस झाले, सांग बघू."

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. या वेळी तिला दिसलं असावं, कारण ती बराच वेळ बघत राहिली. काकांच्या ओल्या बाहीतून ठिबकणारं पाणी तिच्या बोटांवर पडत होतं आणि बोटं ओली होत नव्हती.

टेप गुंडाळलेलं टोपण काकांच्या हातातून कधी निसटलं ते त्यांनाही कळलं नव्हतं. ते तिने पायरीवरून उचललं, आपल्या कपड्याला पुसलं, आणि त्यांच्या हातात दिलं.

काकांनी ते बसवलं. हाताने, मग पान्याने.

दोघांनी एकाच वेळी दाराकडे पाहिलं. दारात बाहेरचं बघायचं भिंग होतं, आणि आतल्या खिडकीच्या उजेडामुळे ते बाहेरूनही बारीक ठिपक्यासारखं चमकायचं. तो ठिपका काळा झाला.

जिन्यात कुठलाही आवाज नव्हता. आजींचं दार बंद होतं.

आयुष्यभर काकांनी हे वाक्य किती दारांवर सांगितलं होतं, टाकी धुताना, पंप जळाल्यावर, नळी फुटल्यावर. आता सांगण्याआधी ते खाकरले.

"आज पाणी येणार नाही, बाळा," ते म्हणाले. मग पुढचं बोलायला त्यांना दाराला हात टेकावा लागला. "उद्यापण नाही."

ठिपका काळाच राहिला. तो ऐकत असावा. सूनबाईने काकांची ओली बाही घट्ट धरली, आणि पाणी तिच्या बोटांतून, भेगांतून, मनगटावर उतरलं. तिला ते झोंबलं. ती रडू लागली.

ठिपक्यात उजेड परत यायला फार वेळ लागला. दोघंही उभी राहिली, पाणी कधी येईल असं तो विचारतो की काय या भीतीने. त्याने विचारलं नाही. तो कधी तक्रार करणाऱ्यातला नव्हताच.